केसरबाईचं माहेर

१५ फेब्रुवारी २०१६, सोमवार. बीड

छावणीवरच्या टँकरवाल्या रहीमच्या खुनाची केस अखेर बोर्डावर आली. साक्षी एप्रिलमध्ये. माणूस मारला मागच्या दुष्काळात आणि कोर्टाला वेळ झाला ह्या दुष्काळात. तेव्हाही चाऱ्याच्या छावण्या लागल्या होत्या, आताही लागल्यात.

सरकारी वकील सुंदरराव यांनी चेंबरमध्ये बोलावलं. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "वैजयंताबाई, डोळ्यांनी बघितलेले साक्षीदार तीन. त्यातले दोन फितूर होणार, हे मी आजच सांगतो. राहिली केसरबाई. तेवढी सांभाळा."

सांभाळा म्हणे! मग मी इतकी वर्षं दुसरं काय करतेय? आमच्या संस्थेचा साक्षीदार मदत कक्ष म्हणजे कोर्टाच्या आवारातली एक खोली, दोन बाकडी, एक माठ आणि मी. ज्याचं माणूस गेलं, ज्याने डोळ्यांनी पाहिलं, त्याला आधी रिकामं कोर्ट दाखवायचं. पिंजरा कुठे, जजसाहेब कुठे बसतात, आरोपी किती लांब उभा असतो. मग गाडीची सोय, जेवणाची सोय, पाठीवर हात. नव्या शिपायाला वाटतं मला पाणी पाजायला ठेवलंय. वाटू दे. पण माझा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून फिरला असं आजवर झालेलं नाही, हे मी ठासून लिहिते.

१८ फेब्रुवारी

आज पाटोद्याकडे छावणीवर गेले. रस्त्याने एक हिरवं पान नाही. छावणीत पाचटाची छपरं, खाली जनावरं आणि जनावरांशेजारी माणसं. केसरबाई आपल्या गायीला आणि कालवडीला टेकून बसली होती. पन्नाशी उलटलेली, काटक, तोंडाने फटकळ. मला पाहताक्षणी आवडली. नवरा कधीच वारला, लेकरू नाही, एक भाऊ होता तोही गेला. म्हणाली, "दिवाळीला समद्या बाया माहेराला जात्यात. म्या घराला आतून कडी लावून झोपते. कोन इच्यारील तर काय सांगू?"

मग मी त्या दिवसाचं विचारलं. एका दमात सांगितलं.

"दुपारची येळ व्हती. रहीम हौदापाशी टँकरचं इंजिन खोलून बसलेला. बंकट चेअरमन जीपमधून उतरला. म्हनला, तपासनीच्या साहेबाला काय सांगितलंस बे? रहीम म्हनला, हाय ते सांगितलं. त्याच गायी टेंपोत घालून हितं बी दाखवता आन दुसऱ्या छावनीत बी दाखवता. मंग चेअरमननं त्याचीच लोखंडी टामी उचलली आन डोस्क्यात घातली. एकदा न्हाई, ताई. म्या वरडले. समदे जनावराकडं तोंड करून बसले."

बंकट म्हणजे ती छावणी चालवणाऱ्या सहकारी संस्थेचा चेअरमन; छावणीला सरकारचे पैसे जनावरांच्या आकड्यावर मिळतात. दोन महिने आत राहिला, मग जामीन. पाटोद्याच्या बाजारात बुलेटवर फिरतो.

"कोर्टात सांगाल हे सगळं?" मी विचारलं.

"कावून न्हाई सांगायचं? म्या काय चोरी केली?"

परत येताना जीपमध्ये मी गुणगुणत होते. असा साक्षीदार दहा वर्षांतून एकदा मिळतो.

२३ फेब्रुवारी

रहीमची बायको शहजादी आणि आई मदिनाबी कक्षात येऊन गेल्या. मदिनाबी बाकड्यावर बसल्या बसल्या विचारते, "फाशी होयेगी ना, बेटी?" शहजादी तिला गप्प करते, "अम्मा, पहिले साक्ष तो होने दो." शहजादी शिवणकाम करते, तीन वर्षांत एक तारीख चुकवलेली नाही. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, केसरबाईला छावनीत नका ठेवू. तिथं कुनीबी येतं, कुनीबी जातं. आमच्या घरात ठेवलं असतं, पन मग ते म्हनतील आमीच शिकवली."

अक्कल आहे पोरीला. मी म्हटलं, काळजी करू नकोस, बंदोबस्ताचं माझ्याकडे लागलं.

२९ फेब्रुवारी

आज छावणीत केसरबाई जरा गप्प होती. खोदून विचारलं तेव्हा बोलली. एक माणूस रोज येतो. तिच्या दावणीसमोर उकिडवा बसतो, तंबाखू मळतो, गायीकडे बघत राहतो. जाताना वैरणीची एक जादा पेंढी टाकून जातो. नाव सांगत नाही, काही विचारत नाही.

"शिव्या दिल्या असत्या तर म्या बी दिल्या असत्या," ती म्हणाली. "ह्याला काय म्हनू? वैरन कावून देतो असं म्हनू?"

ती पेंढी तिने जनावरांना घातली नव्हती. छपराच्या कडेला तशीच पडली होती. पोलिसांना फोन केला तर म्हणतात, बाई, वैरण देणं हा गुन्हा कोणत्या कलमात बसतो?

संध्याकाळी मोहनरावांना सगळं सांगितलं. आमचे हे हल्ली रोज विचारतात, आज काय झालं, कोण भेटलं. बावीस वर्षांच्या संसारात माझ्या कामाचं कौतुक आत्ता सुरू झालंय! त्यांची सहकारी बँक बुडाली तेव्हापासून माणूस नुसता खुर्चीत बसून भिंत बघायचा. जानेवारीत दूध संघात चिकटले आणि घरात पुन्हा आवाज आला. नारायणगडाला नारळ बोलले होते मी, तो फेडायचा राहिलाय.

४ मार्च

केसरबाईला हलवायचं ठरलं, पण कुठे? महिलागृह आहे, तिथे जनावरं घेत नाहीत. केसरबाई जनावरांशिवाय हलत नाही. "मपल्या गायीला छावनीत एकलीला सोडू? तिला पान्यापाशी कोन न्हील?" बरोबरच आहे तिचं. सुंदररावांना सांगितलं तर हसायला लागले, साक्षीदाराच्या गायीला संरक्षण द्या असा अर्ज करू का म्हणे. ह्यांना काय कळतंय.

मोहनरावांनीच तोड काढली. दूध संघाचे एक संचालक आहेत, भगवानराव. पार गेवराईच्या पलीकडे त्यांचा मळा आहे, बोअरला पाणी आहे, गोठा मोठा आहे. देवमाणूस, म्हणाले. तुझी नणंद म्हणून ठेव, कुणी विचारणार नाही. मी म्हटलं, ओळख ना पाळख. तर म्हणाले, "मी आहे ना. शब्द टाकतो."

गाव मी इथेही लिहिणार नाही. सुंदररावांना सांगितलं नाही, पोलिसांना नाही, शहजादीलाही नाही. पोलीस ठाण्यातून चहाच्या टपरीवर आणि टपरीवरून आरोपीकडे बातमी जायला किती वेळ लागतो ते मी पाहिलंय. फक्त मी, केसरबाई आणि घरातलं माणूस.

६ मार्च, रविवार

झालं एकदाचं! टेंपोत गाय, कालवड, केसरबाई आणि तिचं गाठोडं. चकलांब्याला पोचलो. (घ्या, लिहिलंच. ही वही माझ्या साड्यांखाली असते, इथे कोण येतंय वाचायला.)

भगवानराव फाटकात उभेच होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, गोड बोलणं. "या अक्का, घर तुमचंच हाय." गोठ्यात हिरवा घास! मी तर बघतच राहिले. आमच्या गल्लीत पंधरवड्याने टँकर येतो आणि इथे पाट वाहतोय. केसरबाईची गाय त्या घासावर अशी तुटून पडली की आम्ही सगळेच हसलो.

मी नणंदेची गोष्ट पाठ करून गेले होते. सासर कुठलं, आजार कोणता, इथे का आली. पण घरातल्या एकानेही विचारलं नाही. कोण, कुठली, किती दिवस, काही नाही. केवढा समजूतदारपणा! शहरातली माणसं असती तर चौकशा करून जीव घेतला असता.

केसरबाईला जाताना सांगितलं, केसचं इथे कुणाशी बोलायचं नाही. ती म्हणाली, "म्या कशाला बोलू? तुमी काळजी नका करू." पहिल्यांदाच तिने माझा हात धरला.

२० मार्च

चकलांब्याला जाऊन आले. केसरबाई ओळखू येईना. तेल लावून वेणी, अंगावर धडकं लुगडं, गालावर तुकतुकी. भगवानरावांची लेक माहेरी आलीय, उज्ज्वला नाव. गोड पोरगी. कडेवर दीड-दोन वर्षांची चिमुरडी. केसरबाईला आत्या म्हणते. सकाळी उठली की पोरगी तिच्या मांडीवर आणून ठेवते, "आत्या, हिला धरा, मी भाकरी करते." केसरबाई त्या लेकराला चिमणीचे घास भरवत होती. आयुष्यात लेकरू न मिळालेली बाई ती. मला बाई भरून आलं.

उज्ज्वलाला विचारलं, सासर कुठलं गं? म्हणाली, "तिकडं वर हाय, डोंगराकडं." लाजाळू आहे. मालक काय करतात विचारलं तर आईने चहाला हाक मारली.

२६ मार्च

आज गंमत झाली. टँकर आमच्या दारात आला. पंधरवडा व्हायच्या आधीच! ड्रायव्हर म्हणाला, मोहनरावांच्या घरचं वेगळं. छबुबाई शेजारीण कळशी घेऊन आली तर तिला म्हणतो, तुमचं नंतर. मी मुद्दाम तिची कळशी आधी भरायला लावली. संघातली नोकरी म्हणजे बघा काय काय असतं. मोहनराव म्हणाले, माणसं जोडून ठेवावी लागतात.

फितूर होणारे दोन साक्षीदार काल सुंदररावांना भेटून गेले. दोघांनाही काही आठवत नाही. एक जण म्हणे वैरण आणायला गेला होता, दुसरा म्हणे झोपला होता. सुंदरराव माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमची बाई कुठे आहे?" मी म्हटलं, आहे सुखरूप. म्हणाले, "मला सांगून ठेवलेलं बरं." मी नाही सांगितलं. उगाच नाही माझं नाव झालंय.

८ एप्रिल, पाडवा

भगवानरावांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं होतं. गुढी पूजली. मग त्यांनी केसरबाईला पाटावर बसवलं आणि साडी-चोळी केली! चांगली हिरवी काठाची साडी. घरात चार सवाष्णी बायका होत्या, पण विधवा म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. उज्ज्वलाने खाली वाकून नमस्कार केला. भगवानराव म्हणाले, "अक्का, तुमाला भाऊ न्हाई म्हनला व्हतात. आजपासून म्या हाय. हे तुमचं माहेर. दिवाळीला तुमाला न्यायला मुराळी धाडतो का न्हाई बघा."

केसरबाई पदरात तोंड घालून रडली. मीही रडले. मोहनराव मात्र उठून बाहेर ओट्यावर गेले. जेवलेही नीट नाहीत. उन्हाचा त्रास होतो म्हणाले. येताना मी म्हटलं, अहो, आपल्यामुळे एका बाईला माहेर मिळालं, केवढं पुण्य. तर म्हणाले, काच वर कर, धूळ येतेय.

१२ एप्रिल

केसरबाईला बीडला आणून रिकामं कोर्ट दाखवलं. पिंजऱ्यात उभं केलं. मी जजसाहेबांच्या खुर्चीपुढे उभी राहून प्रश्न विचारले. फेब्रुवारीत जी बाई एका दमात बोलली होती, ती आज प्रत्येक प्रश्नाला माझ्या तोंडाकडे बघते. हौदापाशी कोण होतं? "लई मानसं व्हती." टामी कुणी उचलली? पदराचा काठ चाचपत राहिली.

खाली उतरल्यावर म्हणाली, "ताई, खोटं बोललं तर पाप लागतं ना?"

"लागतं तर."

"आन आपल्या तोंडानं एखाद्या लेकीचं कुकू पुसलं तर? त्याचं काय लागतं?"

मी म्हटलं, कुणाची लेक? ती म्हणाली, असंच इच्यारलं. सगळे साक्षीदार आयत्या वेळी असेच धसकतात. मी तिला भजी खाऊ घातली, लिंबू सरबत पाजलं, समजूत काढली. म्हटलं, खरं बोलणं सगळ्यात सोपं असतं, आठवावं लागत नाही. तिने मान हलवली.

मदिनाबी फाटकात बसली होती. केसरबाईला पाहून उठली आणि तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. केसरबाई मान खाली घालून गाडीकडे चालू लागली.

२१ एप्रिल, गुरुवार

झालं ते झालं तसं लिहिते.

केसरबाई भगवानरावांच्या गाडीतून आली. तीच पाडव्याची साडी नेसून. मी म्हटलं होतं मी आणायला येते, तर मोहनराव म्हणाले त्यांची गाडी येतेच आहे बीडला. कोर्टात बंकट आरोपीच्या जागेवर उभा. पांढरा शर्ट, हात जोडलेले, नजर खाली. केसरबाईने ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हटलं.

सुंदररावांनी विचारलं, त्या दिवशी दुपारी तुम्ही कुठे होता?

"छावनीत व्हते. गाय घेऊन पलीकडं गेलते."

"हौदापाशी काय पाहिलं?"

"म्या काई पाह्यलं न्हाई."

"दंडाधिकाऱ्यांसमोर तुम्ही जबाब दिलात. आरोपीने टामी मारली असं सांगितलंत."

"म्या अडानी हाय. त्यांनी लिव्हलं, म्या आंगठा दिला."

सुंदररावांनी फितूर जाहीर करायची परवानगी मागितली. उलटतपास घेतला, दरडावलं, समजावलं. ती खाली बघून तेच म्हणत राहिली. न्हाई पाह्यलं. न्हाई पाह्यलं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मी बाहेर व्हरांड्यात धावले. तिथे उज्ज्वला उभी होती. कडेवर ती चिमुरडी. उज्ज्वलाने केसरबाईच्या पायांवर डोकं ठेवलं, "आत्या, माझं कुकू राखलंत." केसरबाईने लेकराला कडेवर घेतलं. तेवढ्यात मागून बंकट आला आणि लेकराने त्याच्याकडे दोन्ही हात टाकले. "पप्पा!" बंकटने तिला केसरबाईच्या कडेवरून उचललं आणि केसरबाईला वाकून नमस्कार केला.

मळा, घास, आत्या, साडी-चोळी. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. मीच तिला टेंपोत घालून नेलं. मीच रडले तिथे बसून!

शहजादी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "ताई, मला एका शब्दानं सांगितलं असतं ना, कुठं ठेवली ते. चकलांब्याचा भगवानराव चेअरमनचा सासरा हाय. पाटोद्यात शेंबडं पोरगं बी सांगंल." मग मदिनाबीचा हात धरून ती पायऱ्या उतरली. म्हातारी मागे वळून वळून विचारत होती, क्या बोली वो, क्या बोली.

२२ एप्रिल

मोहनराव शेंगा फोडत बसले होते. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

आणखी एक शेंग फोडून म्हणाले, "होतं."

"कधीपासून?"

"मला नोकरी कुणी दिली वाटतं तुला? दोन वर्षं मी ह्या भिंतीकडं बघत होतो तेव्हा कोण आलं विचारायला?" मग माझ्याकडे न बघता बोलत सुटले. "वैजू, कुणाच्या अंगाला बोट तरी लागलं का? म्हातारीला माणसं मिळाली, तिच्या गायीला घास मिळाला. गोडीनं मिटलं. ते दुसऱ्या रीतीनं गेले असते तर? त्या छावणीतच तिचं काय झालं असतं, विचार कर."

मी म्हटलं, म्हणजे उपकारच केलेत की. आणि रहीम? त्याच्या आईला काय सांगू, गोडीनं मिटलं? ते उठून आत गेले. मला त्या माणसाची किळस आली आणि त्याच क्षणी दया आली, आणि दोन्हीचा राग आला. दारातल्या टाकीला मी आज हात लावला नाही. छबुबाईकडून एक तांब्या आणला.

२६ एप्रिल

बोलणं बंद होतं. आज सकाळी ते चुलीपाशी येऊन बसले आणि लहान मुलासारखे रडले. चुकलो म्हणाले. पुन्हा तुझ्या कामात पडणार नाही, आईची शपथ. बावीस वर्षं! टाकून कुठे देऊ? मी भाकरी वाढली. तेल संपलंय, ते आणायला सांगितलं.

३० एप्रिल, शनिवार

केसरबाईचा फोन आला! कुणा गड्याच्या मोबाइलवरून, कुजबुजत.

"ताई, मला झोप न्हाई. त्या म्हातारीचा हात गालावरनं जाईना. म्या पुन्यांदा बोलू का? आता घेत्यात का?"

"घेतात, घेतात!" मी जवळजवळ ओरडलेच.

"हितं आता कुनी आत्या म्हनत न्हाई. लेक सासरी गेली. म्या दिसले की बाया गप बसत्यात. म्या मपलं मपलं जाते म्हनलं तर म्हनत्यात, थांबा, सोडू, घाई काय."

मी सांगितलं, दोन दिवस कळ काढा, सोमवारी अर्ज देते आणि तिथूनच गाडी घेऊन येते. कुणाला काही बोलू नका. ती म्हणाली, "या मंग लवकर." लगेच सुंदररावांना घरी जाऊन गाठलं. ते म्हणाले, साक्षीदाराला पुन्हा बोलावता येतं, पण तिला कुणी आणि कसं फिरवलं हे शपथेवर सांगणारं कुणीतरी लागेल. मी म्हटलं, मी सांगते.

१ मे

प्रतिज्ञापत्र तयार झालं. साक्षीदाराला कुठे ठेवलं, साडी-चोळी कधी केली, उज्ज्वला कोण, सगळं. ठिकाण कुणी सुचवलं तिथे मात्र "एका परिचिताच्या ओळखीने" असं घातलं. सुंदररावांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं.

संध्याकाळी मोहनरावांना सांगितलं. कोर्टातून कानावर येण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तुमचं नाव घातलेलं नाही, घाबरू नका, म्हटलं. केसरबाई पुन्हा बोलायला तयार आहे. त्यांचा चेहरा उतरला. "तिनं फोन केला? स्वतः?" मी हो म्हटलं. नवरा-बायकोत आता लपवाछपवी नको. ते म्हणाले, बरोबर आहे तुझं. मग चपला घालून टँकरवाल्याला बघून येतो म्हणून बाहेर गेले. आज टँकरचा वार नव्हता खरं तर. बऱ्याच वेळाने आले, जेवले नाहीत, झोपले.

२ मे, सोमवार

अर्ज मंजूर! सुट्टी लागायच्या आत, शुक्रवारी केसरबाईला हजर करायचं. मी कोर्टातून थेट जीप करून चकलांब्याला गेले. बरोबर एक महिला शिपाई.

फाटक बंद होतं. खूप हाका मारल्यावर भगवानराव आले. तेच पांढरं धोतर, तोच गोड आवाज. "अक्का? त्या काल दिवस मावळता गेल्या की. जाते म्हनल्या, गेल्या. आमी कोन अडवनार?"

"कशात गेल्या?"

"चालत."

"आणि जनावरं?"

"न्हेतील की सवडीनं."

मी गोठ्याकडे धावले. गाय आणि कालवड तिथेच. महिला शिपाई म्हणाली, बाई, वॉरंट नाही आपल्याकडे. घरातल्या बायका ओट्यावर धान्य निवडत होत्या, एकीनेही मान वर केली नाही. एक गडी बैलांना पाणी दाखवत होता. मी त्याच्याजवळ जाऊन विचारलं, केसरबाईने परवा तुझ्याच मोबाइलवरून फोन केला का? तो म्हणाला, "मपल्याकडं मोबाइल न्हाई." त्याच्या सदऱ्याच्या खिशात चौकोनी काहीतरी दिसत होतं. त्याच्या हातातली बादली सांडली.

तिच्या गावी गेले. घराला बाहेरून कुलूप. छावणीत विचारलं. कुणी पाहिलं नाही. समदे जनावरांकडे तोंड करून बसले होते.

३ मे

सकाळी घरात मोहनरावांना विचारलं, परवा संध्याकाळी कुठे गेला होतात? ते दाढी करत होते. म्हणाले, "मी भगवानरावांना फक्त सांगितलं की तिला समजावा. एवढंच. देवाशपथ, वैजू, समजावा म्हणालो." गालावरून रक्त ओघळत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं त्यांना. पर्स घेतली आणि निघाले.

कक्षाच्या दारात शहजादी उभी. तिला कुठून कळलं होतं कोण जाणे. मला वाटलं आता बोलेल, तोडेल. मी तशीच पुढे निघाले तर मागोमाग ठाण्यापर्यंत आली. बाकड्यावर माझ्या शेजारी बसली आणि माझी पर्स स्वतःच्या मांडीवर घेऊन ठेवली.

आत ठाणे अंमलदार होते, रामकिसन नावाचे, तरुण, सभ्य. बेपत्ता कोण? केसरबाई. तुमची कोण लागते? मी म्हटलं, माझी साक्षीदार आहे. ते म्हणाले, नातं सांगा. मी म्हटलं, नातं काही नाही, मी तिला नेऊन ठेवलं होतं.

"तुमचं पूर्ण नाव?"

सांगितलं.

"ती तिथे आहे आणि पुन्हा साक्ष द्यायला तयार आहे, हे कुणाकुणाला माहीत होतं?"

इतक्या बायकांना, इतक्या म्हाताऱ्यांना मी शिकवलंय. प्रश्न नीट ऐका. विचारलं तेवढंच सांगा. घाई करू नका, पाणी प्या. पाण्याचा ग्लास समोर होता आणि मला तो उचलता येईना. आपल्या माणसाविरुद्ध तोंड उघडायचं म्हणजे काय, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी मात्र सगळ्यांना सोपं आहे म्हणून सांगत आले.

"सरकारी वकिलांना," मी म्हटलं. "मला. आणि आणखी एकाला."

"नाव?"

"मोहनराव."

त्यांनी मघाशी लिहिलेल्या माझ्या नावाकडे पाहिलं. त्यातही तेच नाव होतं. पेन उचलून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "बाई, लिहू ना?"

शहजादी दारात येऊन उभी राहिली होती. मी म्हटलं, लिहा.